खंडेनवमीला झोपवलेलं घड्याळ

सात वाजून आठ मिनिटं झाली होती आणि डब्यावरचा दिवा अजून लालच होता.

"मेडम, हिरवा कधी होणार?" नागराजने विचारलं.

"होईल," मी म्हणाले. घरातला सिलिंडर संपत आलेला असताना पाहुण्यांना 'जेवूनच जा' म्हणायचा माझा जो आवाज आहे, त्या आवाजात.

चिक्कबळ्ळापूरच्या अलीकडे एका द्राक्षबागेतल्या पंपघराच्या गच्चीवर आम्ही दोघं उभे होतो. समोर चौदा इंची दुर्बीण, तिच्या मागे कॅमेरा, कॅमेऱ्याला जोडलेला लॅपटॉप आणि या सगळ्यांना वेळ सांगणारा तो डबा. पूर्वेकडून ढगांची एक रांग हळूहळू वर सरकत होती. सात वाजून चौदा मिनिटांनी त्याच बाजूचा एक अंधूक तारा काही सेकंद विझणार होता. तेवढ्यासाठी आम्ही महिनाभर तयारी केली होती. दिवा लाल राहिला असता, तर तारा विझल्याचं छान चित्रीकरण माझ्या हाती आलं असतं, पण तो नेमका कधी विझला हे सांगता आलं नसतं. आमच्या कामात असलं चित्रीकरण कुणी फुकटही घेत नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सची. बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत सव्वीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी 'टायमिंग' सांभाळण्यात गेली. म्हणजे दुर्बिणीने काय पाहिलं ते शास्त्रज्ञ सांगतात. ते कितव्या सेकंदाच्या कितव्या हजाराव्या भागाला पाहिलं, ते मी सांगते. नातेवाइकांत मात्र माझी ओळख लग्नाला अक्षता संपल्यावर पोचणारी बाई अशी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता हे तारा विझणं काय प्रकरण आहे, ते सांगते. नेपच्यूनच्याही पलीकडे बर्फाचे आणि दगडाचे पुष्कळ गोळे सूर्याभोवती फिरत असतात. ते इतके लांब आहेत की मोठमोठ्या दुर्बिणींतूनही नुसता ठिपका दिसतो. आमच्या चौदा इंचीतून तर तोही नाही. मग त्याची रुंदी कशी मोजायची? वाट बघायची. फिरता फिरता तो कधीतरी एखाद्या ताऱ्याच्या पुढून जातो आणि तारा झाकला जातो. समोरच्या बिल्डिंगमधल्या दिव्यापुढून कुणी गेलं की माणूस दिसत नाही, पण दिवा क्षणभर जातो, तसं. याला पिधान म्हणतात. गोळ्याचा वेग माहीत असतो. तारा किती सेकंद गेला ते मोजलं की गोळ्याची त्या जागची रुंदी मिळते. वेगवेगळ्या गावांतून पाहिलं तर प्रत्येक गावाला गोळ्याचा वेगळा छेद मिळतो. शाळेत वर्तुळाला आरपार कापणारी जीवा काढायचो ना, तीच. तीनचार जीवा एकाखाली एक मांडल्या की गोळ्याचा आकार दिसायला लागतो.

पण त्या एकाखाली एक नीट बसायला सगळ्या गावांची घड्याळं एकच हवीत. त्या संध्याकाळी सावली सेकंदाला बावीस किलोमीटर पळणार होती. माझं घड्याळ एक सेकंद चुकलं, तर माझी जीवा जवळजवळ बंगळुरातल्या हेब्बाळपासून विमानतळापर्यंत सरकणार. म्हणून तो डबा. त्याला अँटेना असते. तो जीपीएसच्या उपग्रहांकडून वेळ घेतो आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रावर छापतो.

हा डबा आमच्या लॅबमध्ये सहा वर्षं अखंड चालू होता. बाहेर न्यायचा तर बॅटरीवर चालू ठेवूनच गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर घेऊन न्यायचा अशी आमची पद्धत. नागराज त्याला 'पाप्पा' म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये बाळ. नागराज आमचा टेक्निशियन. हात सोन्याचा, नोकरी कंत्राटी. दर वर्षी कंत्राट वाढेपर्यंत तो कमी बोलतो आणि वाढलं की पुन्हा सुरू होतो.

मग त्या दिवशी डबा बंद का होता? कारण आदला दिवस नवमीचा होता. आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. बंगळुरात ती घरांपेक्षा वर्कशॉपमध्ये आणि लॅबमध्ये जास्त जोरात होते. लेथ, ड्रिल, ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगच्या गनपासून संस्थेच्या जीपपर्यंत सगळं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून मांडतात. दाराला केळीचे खांब. फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा फोडतात. एरवी प्रत्येक आकड्याला पुरावा मागणारे आमचे प्रमुख शिवरामय्या सर त्या दिवशी पांढरं पंचे, म्हणजे धोतर, नेसून येतात आणि केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, दोनदा घेतात. आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विश्रांती.

पूजेच्या आधी नागराज स्विचबोर्डाशी उभा राहून एकेक मशीन बंद करत होता. डब्यापाशी थांबला.

"मेडम, पाप्पापण बंद करायचा?"

आम्ही दोघं हिंदी आणि कन्नडच्या भेळीत बोलतो, इथे मराठीत देते. माझ्या हातात केसरीभाताचा द्रोण होता आणि मन मोठं झालं होतं.

"करा की," मी म्हणाले. "सहा वर्षं झोपला नाहीये बिचारा."

त्याने 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणून बटण दाबलं. दहा सेकंदांचं संभाषण. पुढे मी ते निदान हजार वेळा आठवलं असेल.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी निघून चारपर्यंत पोचायचं, पोचताच डबा चालू करायचा, असं ठरलं होतं. पण दसऱ्याला बंगळूर शहर आपल्या गाड्या मिरवतं. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर केळीचे खुंट बांधलेल्या ट्रकांमध्ये आम्ही दीड तास अडकलो. पोचायला साडेसहा. दुर्बीण उभारून तारा शोधण्यात आणखी अर्धा तास गेला. सात वाजून सहा मिनिटांनी मला आठवलं की डबा अजून पिशवीतच आहे.

सात वाजून नऊ मिनिटांनी दिवा हिरवा झाला. मी नागराजला पाठीत एक धपाटा मारला, जो संस्थेच्या आचारसंहितेत बसत नाही. सात-दहाला रेकॉर्डिंग सुरू केलं. स्क्रीनवर पाचसात ठिपके होते, त्यातला मधला आपला. मी श्वास धरून बसले. ढग ताऱ्यापासून दोन बोटांवर आले होते.

आणि तारा गेला. लुकलुकला नाही, मंदावला नाही, स्विच मारल्यासारखा गेला. बाकीचे ठिपके जागच्या जागी. नागराज बोटांवर सेकंद मोजायला लागला. तेराव्या बोटाच्या सुमाराला तारा परत आला.

"बंदा," नागराज हळूच म्हणाला. आला.

मी रडले, हे मान्य करते. दोन मिनिटांत टपोरे थेंब पडायला लागले. आम्ही रेकॉर्डिंग थांबवलं, दुर्बिणीवर ताडपत्री टाकली आणि लॅपटॉप पोटाशी धरून पंपघरात शिरलो. तिथूनच मी सरांना मेल केला: तारा तेरा सेकंद झाकला गेला, चित्रीकरण उत्तम, वेळ तपासलेली आहे. तो शेवटचा तुकडा कुणी मागितला नव्हता. तो मी आपणहून घातला.

बाकी दोन ठिकाणांनाही यश आलं होतं. दक्षिणेला आमच्याच संस्थेची डोंगरावरची मोठी दुर्बीण आणि उत्तरेला आंध्रातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक. आमची जागा मधली. गुरुवारी सरांनी तिन्ही जीवा एका कागदावर मांडल्या आणि मला खोलीत बोलावलं.

"बसा मॅडम. हे बघा."

वरची आणि खालची जीवा एकमेकींशी नीट जुळत होत्या. मधली, म्हणजे आमची, एका बाजूला बाहेर आली होती. त्यामुळे गोळ्याला एकीकडे पोक आणि दुसरीकडे खळगा आला होता.

"हा गोळा नाहीच," सर म्हणाले. "दोन गोळे चिकटलेत. भुईमुगाच्या शेंगेसारखे. आपल्याला शेंग सापडली आहे."

सर साठीला आले आहेत. त्यांना इतकं खूश मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सोमवारी दुपारी ते परदेशातल्या समन्वयकांना कळवणार होते. तिकडे सगळ्या देशांतल्या जीवांचा हिशेब ठेवतात.

"किती सरकली आहे मधली?" मी विचारलं.

"चव्वेचाळीस किलोमीटर. जवळजवळ बरोब्बर."

मी हसले, अभिनंदन केलं आणि जिन्यापर्यंत आले. चव्वेचाळीसला बावीसने भागायला मला कॅल्क्युलेटर लागला नाही. दोन. दोन पॉइंट काहीतरी नाही, दोन.

टायमिंगच्या माणसाला एकच भीती असते आणि ती पूर्ण आकड्यांची असते. दगड आणि बर्फ कसेही वेडेवाकडे असतात. एखादा खळगा एक पूर्णांक सात दशांश सेकंदांचा असेल, दोन पूर्णांक तीनचा असेल. निसर्गाला पूर्ण सेकंदाची सवय नाही. ती माणसाने केलेल्या यंत्रांना असते.

कारण काय असू शकतं हे मला माहीत होतं. तेच तर भयंकर होतं. उपग्रहांची वेळ आणि आपल्या जगाची वेळ यांत फरक आहे. पृथ्वी जरा आळशी असल्यामुळे जगाच्या घड्याळात अधूनमधून एखादा जादा सेकंद घालतात. उपग्रह तो घालत नाहीत. आज हा फरक अठरा सेकंदांचा आहे. डब्याला उपग्रहांच्या वेळेतून अठरा वजा करायचे असतात. हा आकडा तो आतल्या एका बटणसेलच्या जोरावर लक्षात ठेवतो. सेल मेला आणि डबा बंद झाला की आकडा विसरतो, आणि चालू केल्यावर कारखान्यात भरलेला जुना आकडा वापरतो. आमच्या डब्यात जुना आकडा सोळा होता. नवा आकडा उपग्रह सांगतात, पण साडेबारा मिनिटांत एकदाच. तोवर डबा दोन सेकंद चुकीची वेळ, हिरव्या दिव्याखाली, आत्मविश्वासाने छापत राहतो. हिरवा दिवा म्हणजे उपग्रह सापडले, एवढंच.

डबा चालू झाला सात-सहाला. तारा गेला सात-चौदाला.

आमच्या कामाची एक यादी आहे. मीच केलेली. पूर्वी तिच्यात एक ओळ होती: डबा चालू करून पंचवीस मिनिटं थांबावे. तीन वर्षांपूर्वी मी ती काढून टाकली. डबा बंद होतच नाही, मग कशाला? शिवाय ती ओळ काढल्यावर यादी एका पानात बसत होती.

घरी आले. नवऱ्याने, सुधीरने, दार उघडलं. तो यशवंतपूरच्या बाजूच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे.

"काय गं? तारा सापडला ना?"

"सापडला."

"मग कुणी गेल्यासारखा चेहरा का?"

मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि पोळीचा तुकडा भाजीत बुडवला.

"दोन सेकंद? आमच्याकडे एक पंप दोन वर्षं उशिरा आला. त्याला हार घातला आम्ही."

"सुधीर, मी लिहून दिलंय. वेळ तपासलेली आहे असं."

"तपासली नव्हतीस?"

"हिरवा दिवा बघितला होता."

तो खायचा थांबला.

"कुणाला कळेल का?" त्याने विचारलं.

"आज नाही. कधीतरी तो दुसऱ्या ताऱ्यापुढून जाईल, कुणीतरी मोजेल आणि शेंग सापडणार नाही. तेव्हा सगळे शोधतील, ती शेंग कुणाच्या घड्याळातून आली."

"तोवर तू रिटायर."

"हो. आणि नागराज? डबा बंद केल्याची नोंद त्याच्या अक्षरात आहे. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट आहे."

सुधीरने पोळी संपवली. "आधी खात्री करून घे बाई. उगाच फाशी आधी आणि खटला मागून नको."

शुक्रवारी मी ऑफिसात प्रत्येक फोनला दचकत होते. आणखी एक भीती रात्रीतून वाढून उभी राहिली होती. सेल नक्की कधी मेला? आणि सहा वर्षांत या डब्याने छापलेल्या सगळ्याच वेळांवर कुणी बोट ठेवलं तर? किती जणांच्या पेपरांत, किती मुलांच्या पीएचडीत माझे आकडे बसले होते. मी जिन्यात त्यांच्यातल्या एकीला भेटले आणि तिच्याकडे न बघता बाथरूममध्ये शिरले.

शनिवारी लॅब रिकामी होती. मी शेजारच्या ग्रुपचं घड्याळ एका दिवसापुरतं मागून आणलं होतं, त्याच्याशी ताडून बघायला. नागराज स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण आपण काहीतरी सोसायला आलोय अशा आविर्भावात तो उभा होता.

डबा उघडला. बटणसेल जागेवर होता. मीटर लावला. साधारण तीन व्होल्ट हवे होते, काटा जेमतेम हलला. केव्हाच गेला होता तो. डबा सतत चालू, म्हणून कुणाला कळलं नाही. दर वर्षी सेल बघायचं काम माझं.

डबा बंद करून तासभर ठेवला. मग चालू केला. तीन मिनिटांत हिरवा दिवा. मी दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी बघितली.

डबा दोन सेकंद पुढे होता.

"मेडम," नागराज म्हणाला, "मी बंद केला होता."

"मी सांगितलं म्हणून."

"पण रजिस्टरमध्ये माझी सही आहे."

"नागराज, स्वल्प गप्प बसा. बघू द्या."

आम्ही स्टुलांवर बसून राहिलो. सहा मिनिटं, सात, आठ. आकडे शांतपणे चालले होते. एकतीस. बत्तीस. तेहतीस. मग पुन्हा बत्तीस. तेहतीस. चौतीस.

दोन्ही घड्याळं एक झाली. दिवा सगळा वेळ हिरवा होता. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

नागराजने कपाळाला हात लावला. मी पाणी प्यायले. खात्री झाल्यावर बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मग मी दसऱ्याच्या रेकॉर्डिंगकडे धावले. ती दोन सेकंद मागे येणारी उडी रेकॉर्डिंगमध्ये सापडली असती, तर सगळं सुटलं असतं: उडीच्या आधीच्या वेळेतून दोन वजा, उडीच्या नंतरची बरोबर. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बघितलं. उडी नव्हती. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधीच झाली असेल, किंवा आम्ही पावसाला भिऊन थांबवल्यानंतर. आणखी तीन मिनिटं चालू ठेवलं असतं, तर नक्की कळलं असतं. दुर्बीण भिजली असती, पण कळलं असतं.

"सरांना आत्ता फोन करू का?" रविवारी सकाळी मी सुधीरला विचारलं.

"उद्या सांग. आज सांगितलंस तर दोघांचा रविवार जाईल. एकाचा गेलाच आहे."

मी तो रविवार आणि रात्र जुन्या नोंदी बघण्यात घालवली. सोमवारी साडेनऊला सरांच्या दाराशी उभी राहिले. हातात शनिवारच्या तपासणीचा कागद होता. तो मी फाइलमध्ये घातला आणि फाइल छातीशी धरली. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला वडिलांसमोर जायचे, तशी.

सरांच्या फळ्यावर शेंगेचं चित्र होतं. मोठं, रंगीत खडूंनी.

"या मॅडम. पत्र तयार आहे. तुमचं नाव दुसरं घातलंय."

"सर, ते पत्र पाठवू नका."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पूजा, सेल, हिरवा दिवा, यादीतली काढलेली ओळ. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वेळ तपासलेली आहे," सर म्हणाले. "हे तुमचे शब्द आहेत."

"हो सर."

"मी ते पुढे तीन लोकांना पाठवले."

"हो सर."

"डबा बंद कुणी केला?"

"मी."

"रजिस्टरमध्ये नागराजची सही आहे."

"त्याने विचारलं होतं. मी हो म्हणाले. सेल बघायचं कामही माझं."

"गेल्या सहा वर्षांचं काय?"

"सहा वर्षांत डबा या आयुधपूजेखेरीज बंद झालेला नाही. त्याची रोजची नोंद असते. मी काल सगळी बघितली. कुठेही खंड नाही."

सरांनी श्वास सोडला. मीही सोडला. मग मला जरा धीर आला आणि धीर आला की मी चुकीचं बोलते.

"सर, आमच्या वेळेतून दोन सेकंद वजा करू या. बघा, मग मधली जीवा बरोबर बसते. छान गोल होतं."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघितलं.

"तो गोल आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी फाइल उघडून पुन्हा मिटली.

"तारा झाकला गेला तेव्हा डबा चुकीचा होता, हे सिद्ध करू शकता?"

"नाही सर. चुकीचा असू शकतो, एवढंच."

"मग आवडेल त्या आकारासाठी आकडा बदलायचा? मी शेंग आवडली म्हणून ती ठेवली असती, तुम्ही लाडू आवडतो म्हणून तो करणार. फरक काय?"

या वाक्यावर मी सव्वीस वर्षांतलं सगळ्यात वाईट मिनिट काढलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. सर उठले, डस्टर घेतला आणि फळ्यासमोर उभे राहिले. शेंगेवर डस्टर नेला, खाली आणला, पुन्हा नेला. शेवटी पुसली. एका बाजूची थोडी राहिली, ती पंजाने पुसली.

"किती वेळ झाकला होता?" मागे न वळता त्यांनी विचारलं.

"तेरा सेकंद."

"त्याला धक्का?"

मी पाच दिवसांत हा विचारच केला नव्हता. घाबरलेल्या माणसाला स्वतःची चूकच तेवढी दिसते. घड्याळ दोन सेकंद पुढे असलं, तर जातानाही दोन पुढे आणि येतानाही दोन पुढे. उडी रेकॉर्डिंगमध्ये नव्हती, म्हणजे मधे काही बदललं नव्हतं. तारा कधी गेला ते आम्हाला माहीत नव्हतं. किती वेळ गेला ते पक्कं होतं.

"नाही सर. तेरा तेराच आहेत."

"म्हणजे जीवेची लांबी आहे. जागा नाही." ते परत येऊन बसले. "पत्र तुम्ही लिहा. मी नाही. सगळं लिहा. बाराच्या आत."

मी लिहिलं. बत्तीस ओळींचं पत्र, त्यातल्या एकोणीस ओळी माझ्या मूर्खपणाच्या. आयुधपूजेला इंग्रजीत काय म्हणायचं यावर वीस मिनिटं गेली. शेवटी 'यंत्रांची वार्षिक सुट्टी' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसले. तिकडे पहाट होती. जेवण गेलं नाही. चहा गार झाला. संध्याकाळी सव्वासहाला उत्तर आलं. उघडायला मी सुधीरला फोन लावला, तो फोनवर असताना उघडलं.

दोन ओळी होत्या. कळवल्याबद्दल आभार. कालावधी वापरतो, वेळ अनिश्चित धरतो.

"एवढंच?" सुधीर म्हणाला.

"एवढंच."

"बरं. येताना कोथिंबीर आण."

पेपर आठ महिन्यांनी आला. आकार काय, यावर त्यात सावध चार वाक्यं आहेत: कदाचित गोल, कदाचित नाही, पुन्हा पाहावं लागेल. शेंगेचा उल्लेख नाही. नागराजचं कंत्राट वाढलं आणि त्याने बोलायला सुरुवात केली. सर आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, पण पुढच्या पिधानाच्या यादीवर सही करायला त्यांनी ती माझ्याकडेच पाठवली. यादी आता दोन पानांची आहे.

पेपरात एक तक्ता आहे. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ आणि त्यापुढे एक रकाना, चूक किती असू शकते याचा. बाकीच्यांच्या रकान्यात सेकंदाचे शतांश आहेत. आमच्यापुढे लिहिलंय: दोन सेकंद. वाचणाऱ्याला तो आकडा हास्यास्पद वाटेल. त्या तक्त्यात मी डोळे मिटून शपथ घेईन असा तेवढा एकच आहे.

आमच्या धंद्यात चुकीसाठी रकाना ठेवलेला असतो, ही मोठी सोय आहे. तो आपला आपण भरायचा असतो. दुसऱ्या कुणी भरला, तर त्यालाच चौकशी म्हणतात.